रविवारी लंडन थोडं कमी बघा

पत्र

आम्ही दोघं इंदिरानगरला राहतो. मी मराठी शाळेतून निवृत्त झाले, हे नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून. मुलगा, सून आणि सात वर्षांची नात लंडनला हॅरो भागात असतात. मागच्या वर्षी आम्ही तीन महिने त्यांच्याकडे राहून आलो. सोमवार ते शुक्रवार ते दोघं कामावर, नात शाळेत आणि आम्ही घरात. शनिवार कपडे, साफसफाई, नातीचा पोहण्याचा क्लास यात जायचा. राहिला रविवार. तो आमच्यासाठी राखलेला.

मुलगा फोनमध्ये यादी करून ठेवायचा. सकाळी एक ठिकाण, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. सून सहाला उठून डबे भरायची. ह्यांचे गुडघे दुखायचे, पण मुलासमोर हूं की चूं करायचे नाहीत. टॉवर, राजवाडा, मेणाचे पुतळे, तो मोठा पाळणा, सगळं पाहिलं. आता कुणी विचारलं तर फोटो काढल्याशिवाय काय कधी पाहिलं ते सांगता येत नाही. एका रविवारी तर ट्रेनच बंद निघाली. बदली बसने हळूहळू पोहोचलो, नात रडायला लागली, सून मुलाला काहीतरी बोलली, मुलगा गप्प झाला. येताना दूध-भाजी घ्यायची होती, तर दुकानाचं दार आमच्यासमोर बंद झालं. घरी येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

येत्या मे महिन्यात पुन्हा जातोय, या खेपेला पाच महिन्यांसाठी. मुलाने आतापासूनच नवी यादी पाठवली आहे. हे म्हणतात, "तू जा त्यांच्याबरोबर, मी घरी बसतो." मुलाला वाईट न वाटता कसं सांगू? आणि यादी नको म्हटलं, तर रविवारी करायचं तरी काय?

– एक आजी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई,

मुलाची यादी प्रेमाची आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तर नाही म्हणवत नाही. आई-बाबा एवढा प्रवास करून येतात आणि आठवड्याचे पाच दिवस चार भिंतींत काढतात, ही टोचणी त्याला सोमवारपासून असते. मग पाच दिवसांची भरपाई तो एका दिवसात करायला निघतो. एका रविवारवर एवढं ओझं टाकलं की तो मोडणारच, मग ते लंडन असो की नाशिक.

त्यामुळे रविवार सुधारायचा तर सुरुवात सोमवारपासून करावी लागेल. टॉवर, राजवाडा, संग्रहालयं ही बघण्याची ठिकाणं तुम्ही दोघांनी आठवड्यात, कामाच्या दिवशी, आपली आपण बघा. तेव्हा तिथे गर्दीही कमी असते. रविवार त्या तिघांबरोबर घालवायला ठेवा. तुम्ही स्वतः बाहेर पडू लागलात, संध्याकाळी जेवताना "आज आम्ही अमुक ठिकाणी जाऊन आलो" असं सांगू लागलात, की मुलाची टोचणी आपोआप कमी होईल आणि यादीही आखडेल. "आम्ही दमतो रे" असं दहा वेळा सांगून जे होणार नाही, ते यातून होईल.

"आम्ही दोघं एकटे कसे जाणार?" असं मनात आलंच असेल. तुम्ही नाशिकरोडहून मुंबईच्या गाड्या पकडलेल्या, सिंहस्थाच्या गर्दीतून वाट काढलेली माणसं आहात. लंडनची बस त्याहून पुष्कळ सोपी. तिथल्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत. ऑइस्टर नावाचं कार्ड मिळतं, ते चढताना ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या यंत्राला टेकवायचं. बसमध्ये एकदाच, चढताना. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, मात्र आत जाताना आणि बाहेर पडतानाही टेकवायचं, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेच्या पुढे कार्डातून पैसे जात नाहीत. पहिल्या आठवड्यात घराजवळून जाणारी एकच बस धरा, शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि त्याच बसने परत या. उतरून काही बघायची गरज नाही. दुसऱ्या आठवड्यात मधल्या एखाद्या थांब्यावर उतरून चहा घ्या. तुमच्या यजमानांना वरच्या मजल्यावर चढता येणार नाही, पण खाली दाराजवळ ज्येष्ठांसाठी जागा राखलेल्या असतात. बसचं भाडं ट्यूबपेक्षा कमी आहे, आणि शहर कसं एकमेकांना जोडलेलं आहे ते बसच्या काचेतूनच कळतं. जमिनीखालून गेलं की एक स्टेशन आणि दुसरं स्टेशन यांच्यामध्ये काय आहे, ते कधीच कळत नाही.

आता यजमानांविषयी. "मी घरी बसतो" म्हणणारा माणूस बऱ्याचदा हेच सांगत असतो की, त्या यादीत माझ्यासाठी काहीच नाही. हे नोट प्रेसमधले आहेत, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. नाशिकरोडला प्रेस सुरू झाली 1928 मध्ये. त्याआधी भारतातल्या नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत आणि बोटीने इकडे पोहोचत. 1932 पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा नाशकात छापल्या जाऊ लागल्या. ज्या कामात त्यांचं आयुष्य गेलं, ते काम नाशकात येण्याआधी ज्यांच्याकडे होतं, त्या बँकेचं संग्रहालय लंडनच्या मध्यभागी आहे, आणि प्रवेश मोफत आहे. ते शनिवार-रविवारी बंद असतं, म्हणूनच मुलाच्या यादीत कधी आलं नसणार. तिथे कामाच्या दिवशीच जावं लागतं, आणि तो दिवस तुमच्या दोघांचा. या सहलीत म्होरके ते असू देत. नोटेतला पाण्याचा ठसा आणि सुरक्षेचा धागा यांतलं त्यांना जेवढं दिसेल, तेवढं तुम्हाला, मला किंवा तुमच्या मुलाला दिसणार नाही. मे अखेरीस तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. तेव्हा नातीलाही न्या. आजोबा कशाबद्दल तरी भरभरून बोलतात, हे तिने एकदा बघायलाच हवं.

मुलाशी बोलायचं कसं, हा तुमचा मुख्य प्रश्न. फोनवर यादीला नकार देऊ नका, त्याच्याकडे काहीतरी मागा. मी तुमच्या जागी असते तर असं म्हटलं असतं : "मागच्या वेळी तू आम्हाला लंडन दाखवलंस. या वेळी आम्हाला तुमचा रविवार बघायचाय. आम्ही नसतो तेव्हा तुम्ही तिघं कुठे जाता, कुठे चहा पिता, पिलू कुठल्या बागेत खेळते, तिथे आम्हाला ने." यात त्याचा कुठेही अपमान नाही. उलट, त्याने तिथे उभं केलेलं आयुष्य बघायची इच्छा आहे. परक्या देशात राहणाऱ्या मुलाला आई-बापांकडून हेच सगळ्यात जास्त हवं असतं, असं मला अनेक पत्रांतून जाणवलं आहे. मोठा पाळणा कुणीही दाखवू शकतं. शनिवारी सकाळी तो ज्या न्हाव्याकडे जातो, ज्या दुकानात त्याला नावाने ओळखतात, ज्या बाकावर बसून त्याने नोकरी सोडायची की नाही याचा विचार केला, ते दुसरं कुणी दाखवू शकणार नाही.

आणि गुडघ्यांचं लपवणं आता थांबवा. यजमानांनी स्वतः, निघायच्या आधी, फोनवर मुलाला सांगायचं : एका दमात इतकं चालतो, मग बसावं लागतं, जिने नकोत. मुलाला कळलं की तो त्याप्रमाणे रस्ता शोधेल. ट्यूबच्या नकाशावर जिन्याशिवाय जाता येणाऱ्या स्टेशनांना व्हीलचेअरची खूण असते. ते न सांगता लंगडत चालले, तर मुलाला दिसतंच, आणि वर आपल्याला सांगितलं नाही याचंही वाईट वाटतं.

आता रविवार. आपल्याकडे नाशकात रविवारी सकाळी मिसळ खायला निघतात तसा तो असावा. कुटुंबच्या कुटुंब गंगापूर रोडला किंवा सातपूरकडे जातं, रस्सा दोनदा मागवला जातो, पाव येतात, गप्पा होतात, पोरं झोपाळ्यावर असतात, तिथून वाटलं तर सोमेश्वरला एक फेरी, नाहीतर सरळ घरी येऊन दुपारची झोप. परत आल्यावर "किती ठिकाणं झाली?" असं कुणी विचारत नाही. दिवस चांगला गेला एवढंच राहतं. लंडनमध्ये रविवारी एकच ठिकाण ठरवा, तेही अर्ध्या दिवसाचं. उरलेला अर्धा दिवस मोकळा ठेवा. शिवाय सगळ्यांनी मिळून एक नियम करा : "मी दमलो" असं जो पहिल्यांदा म्हणेल, त्याच्या शब्दावर सगळ्यांनी परत फिरायचं. का, कसं, आत्ताच कुठे आलोय, असं काहीही विचारायचं नाही. हा नियम सात वर्षांच्या नातीला लागू आहे, तसाच आजोबांनाही.

एक रविवार मी तुम्हाला आखून देते, कारण तो नाशिककरांनी बघावा असं मला फार वाटतं. ब्रिटिश म्युझियम. दचकू नका, सगळं बघायचं नाहीये. हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनवरून मेट्रोपॉलिटन लाइन थेट युस्टन स्क्वेअरला जाते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. पण घरातून निघण्याआधी लाइन चालू आहे का ते मुलाला फोनवर बघायला सांगा. रुळांची दुरुस्ती तिथे शनिवार-रविवारीच काढतात, आणि मागच्या वेळचा तुमचा बदली बसचा प्रसंग बहुधा त्यातलाच. बंद असेल तर तो रविवार हॅरोतच घालवा. हट्टाने जाऊ नका.

युस्टन स्क्वेअरला उतरलात की दक्षिणेकडे हळूहळू चालत जायचं. वाटेत जरा वाकडी वाट केली तर टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेत मांडी घालून बसलेल्या गांधीजींचा पुतळा आहे, 1968 मध्ये बसवलेला. तिथे बाकं आहेत, यजमानांचा पहिला मुक्काम तिथे. पुढे म्युझियमच्या मागच्या बाजूला माँटेग्यू प्लेसवर एक दार आहे. ते उघडं आहे का, हे आधी म्युझियमच्या संकेतस्थळावर बघा, आणि वेळेचं मोफत तिकीटही तिथेच काढून ठेवा. त्या दाराने आत गेलात की चीन आणि दक्षिण आशियाचं दालन, म्हणजे 33 नंबर, अगदी जवळ पडतं. त्यालाच लागून 33-अ. तिथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. ही अमरावती विदर्भातली नाही, आंध्रातली, कृष्णेकाठची. सातवाहनांच्या काळात तो स्तूप भरभराटीला आला, आणि 19 व्या शतकात इंग्रजांनी त्याचे दगड तिकडे नेले. यजमानांना ते बघून राग आला तर येऊ द्या. नातीने "आजोबा, हे इथे का?" असं विचारलं तर खरं ते सांगा.

सातवाहन म्हटल्यावर आपली पांडवलेणी आलीच. निघायच्या आधी एखाद्या सकाळी तिथे जाऊन या. यजमानांना पायऱ्या झेपणार नाहीत, त्यांनी पायथ्याशी फाळके स्मारकाच्या बागेत बसावं. तुम्ही तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत जा. तिथे गौतमीपुत्र सातकर्णीची आई, गौतमी बलश्री, हिचा लेख कोरलेला आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी तिने ते लेणं भिक्षूंना दान दिलं आणि लेखात आपल्या गेलेल्या मुलाचे गुण गायले. आईने मुलाचं, नातवाच्या राज्यात, दगडावर कोरून ठेवलेलं कौतुक. तुम्ही शिक्षिका आहात, नातीला हे कसं सांगायचं ते मी तुम्हाला शिकवायला नको. लेण्याचे फोटो काढून न्या, आणि अमरावतीच्या दगडांसमोर उभं राहून ते फोटो तिला दाखवा. हे आणि ते एकाच राजघराण्याच्या काळातलं आहे, एक आपल्या घराजवळ आहे आणि एक तुझ्या घराजवळ, एवढं तिला कळलं की पुरे.

तिथून लिफ्टने वर 68 नंबरच्या दालनात जा. तिथे पैशांचा इतिहास मांडलाय, नाणी आणि नोटा. तो भाग पुन्हा आजोबांचा. या दालनांपलीकडे त्या दिवशी काहीही बघायचं नाही. इजिप्तच्या ममींकडे कुणी कितीही ओढलं तरी त्या पुढच्या खेपेला. म्युझियमचं तिकीट मोफत आहे, मग "पैसे भरलेत तर सगळं बघून घेऊ" ही घाई कशाला? बाहेर पडून रसेल स्क्वेअरच्या बागेत डबा उघडायचा. तीनपर्यंत घरी. मुलाला सोफ्यावर झोपू द्या. त्याच्याही आठवड्यातला तो एकच दिवस आहे.

डब्याचं तेवढं मनावर घ्या. रविवारी सहाला उठून डबे भरणारी सून आठवडाभर नोकरी करते. वाटेत ती मुलाला जे बोलली, ते बदली बसमुळे नसावं असं मला वाटतं. या खेपेला डबा तुमच्याकडे घ्या, आणि तोही शनिवारी संध्याकाळीच : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, नातीला आवडत असतील तर गूळपोळ्या, वर इथून नेलेला चिवडा. किंवा डबा नाहीच न्यायचा, तिकडेच काहीतरी घ्यायचं. पण तिच्या आधी उठून तिच्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊ नका. आदल्या दिवशी विचारा, "उद्याचा डबा मी केला तर चालेल ना?" पाच महिने एका छताखाली काढायचे आहेत, तेव्हा एवढं विचारलेलं बरं.

दुकानाचं दार बंद झालं, त्यालाही कारण आहे. इंग्लंडमध्ये 1994 चा कायदा आहे : मोठ्या दुकानांना रविवारी फक्त सहा तास, तेही सकाळी 10 ते संध्याकाळी 6 च्या दरम्यान, उघडं ठेवता येतं. कोपऱ्यावरच्या लहान दुकानांना हे बंधन नाही. म्हणून आठवड्याचा किराणा शनिवारीच उरकायचा, आणि रविवारी दूध संपलंच तर छोटं दुकान. येताना वाण्याकडे जायचंय म्हणून अख्खं कुटुंब घड्याळाकडे बघत फिरतंय, हे बंद झालं तर तुमचा निम्मा ताण जाईल.

सगळे रविवार सकाळचेच असायला हवेत असंही नाही. जूनमध्ये लंडनला सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. नाशकात तेव्हा सव्वासातच्या सुमारास अंधारायला लागलेलं असतं, त्यामुळे चार वाजले की "आता कुठे निघायचं?" हा आपला हिशोब. तिथे जेवून, झोपून, चहा पिऊन पाचला निघालात तरी चार तासांचं ऊन शिल्लक असतं. अशा संध्याकाळी हॅरोच्याच टेकडीवर जा, वरपर्यंत बस जाते. वर जुनी शाळा आहे, 1572 ची, जवाहरलाल नेहरू तिथेच शिकले. शेजारी सेंट मेरीचं चर्च आणि तिथून दूरवर दिसणारा मुलूख. मुलगा त्या टेकडीच्या पायथ्याशी राहतो आणि मागच्या वेळी तुम्ही तिथे गेल्याचं लिहिलेलं नाही. लांबच्या गोष्टी यादीत येतात, जवळच्या राहून जातात. नाशकातही किती जणांनी सरकारवाडा आतून बघितलाय?

आणखी एक रविवार माझ्या मनात आहे. प्रिमरोझ हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. आंबेडकर त्या घरात राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन तिथे स्मारक केलं. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. जायच्या आधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या. त्या घरात अभ्यास करणारा हा माणूस पुढे 2 मार्च 1930 ला आपल्या काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह करायला उभा राहिला, आणि 1935 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पंचवटीत आपण त्या दारावरून कितीदा जातो! नातीला तिच्या शहरातलं ते घर दाखवा, आणि पुढच्या सुट्टीत ती नाशकात आली की मंदिराचं ते दार दाखवा. घर बघून झालं की प्रिमरोझ हिलच्या हिरवळीवर बसा. वरपर्यंत चढायचा आग्रह नको. नात आणि मुलगा पळत वर जाऊन येतील.

यजमानांना अशा जागांची गोडी लागली, तर आपल्या भगूरचे सावरकर ज्या इंडिया हाउसमध्ये राहत, त्या हायगेटच्या घरावर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायची. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, हेही त्यांना तिथे फिरताना आठवेल. पण हे सगळं एका रविवारी नको. नाहीतर मुलाच्या यादीच्या जागी माझी यादी येईल आणि गुडघ्यांना फरक पडणार नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. पाच महिन्यांत साधारण वीस रविवार येतील. त्यातले काही रविवार तुम्ही त्यांच्याबरोबर जाऊच नका. एक रविवार त्या तिघांचा : तुम्ही दोघं घरी, किंवा तुमच्या ओळखीच्या बसने कुठेतरी. एक रविवार फक्त मुलगा आणि सुनेचा, नात तुमच्याजवळ. आणि अधूनमधून एक रविवार सुनेचा एकटीचा, तिला जिथे जायचं तिथे ती जाईल, कुठे गेली होतीस असं कुणी विचारायचं नाही. हे तिला तुम्हीच सुचवा. मुलगा सुचवणार नाही, त्याला वाटेल आई-बाबांना काय वाटेल. आजी-आजोबा आलेत म्हणून घरातली माणसं सतत एकत्रच असली पाहिजेत, या समजुतीने अनेक घरांत तिसऱ्या महिन्यापासून कुरबुरी सुरू होतात. थोडं लांब राहिलं की परत भेटायला आवडतं.

नातीला रविवारचं एक काम द्या : बसायच्या जागा शोधणं. आजोबांसाठी कुठे बाक आहे, कुठे छाया आहे, हे तिने आधी पळत जाऊन बघायचं आणि येऊन सांगायचं. मुलं काम दिलं की रडत नाहीत. ती अकराच्या आतली आहे, बसचं तिकीट तिला पडत नाही, आणि मोठ्या माणसाबरोबर असेल तर ट्यूबचंही नाही. म्हणजे नातीला कुठेही न्यायला तुम्हाला पैशांचा विचार करायला नको.

कधी काहीच ठरलं नसेल आणि सगळ्यांना घराबाहेर तर पडायचंय, अशा रविवारी थेम्सच्या दक्षिण काठावर जा. वेस्टमिन्स्टरच्या पुलापासून पूर्वेकडे रस्ता सपाट आहे, बाकं आहेत, रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये कुणीही जाऊन बसू शकतं, स्वच्छतागृह आहे. वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात, तिथे तुमचा तास सहज जाईल. नदीला भरती-ओहोटी येते, तिची पातळी सात मीटरपर्यंत वर-खाली होते. गोदावरीचा पूर बघितलेल्या माणसांनाही हे नवल वाटतं : पाऊस नाही, काही नाही आणि रोज दोनदा नदी चढते, दोनदा उतरते. दुपारी आलात तेव्हा काठाला वाळू दिसत होती, परत निघताना नाही, असं नातीला टिपून ठेवायला सांगा.

आता एक काम याच आठवड्यात करा. दोघांसाठी चांगले बूट घ्या, पाय जरा सुजले तरी चालतील असे, अर्धा नंबर मोठे. ते घालून इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी चाला, जेवढं जमेल तेवढं, आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. यजमानांनी निघण्यापूर्वी गुडघे डॉक्टरांना दाखवून घ्यावेत, गोळ्या चालू असतील तर पाच महिन्यांच्या पुरवठ्याचं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचं बघावं, प्रवास विम्यात गुडघ्याचं दुखणं स्पष्ट लिहिलेलं असावं. मुलाला फोन रविवारीच करा, तेव्हा तोही घाईत नसतो. पण आधी यजमानांना बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयाबद्दल सांगा आणि ते काय म्हणतात बघा. ते "जाऊ" म्हणाले, की मगच मुलाला फोन लावा.